गवताचा वाली कोण?
सुरत जिल्ह्यातील घासिया जमिनीचा इतिहास आणि आपले माळ

आपल्या भाषेत गवताच्या जमिनीला नावे कमी नाहीत. देशावर माळ, कोकणात सडा, गावाच्या शिवेवर गायरान, राखलेले असेल तर कुरण, आणि ठाणे-कुलाब्याकडील सरकारी दप्तरात वरकस. सुरतेकडे वळलो की गौचर, वीड आणि घासिया हे शब्द कानांवर येतात. इतकी नावे ज्या जमिनीला मिळाली ती जमीन निरुपयोगी असेल असे कोणीही म्हणणार नाही. परंतु महसुली दप्तर उघडावे, तर हीच जमीन पडीक, पोटखराबा किंवा गुजरातीत ‘खराबो’ अशा नावांनी नोंदलेली आढळते. बोलीने जिला दहा नावे दिली तिला दप्तराने एकच शिवी द्यावी, हा प्रकार केवळ भाषेचा नाही. या एका शब्दातून गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ अन्याय जन्मास आले आहेत, आणि आज जे लोक सेवाबुद्धीने निसर्गरक्षणासाठी पुढे येतात त्यांचीही वाट हाच शब्द चुकवीत आहे. यास्तव या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम माळ म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. जेथे माती पातळ, खडक वर आलेला, पाऊस चार महिन्यांत कोसळून जाणारा, तेथे मोठे वृक्ष दाट उभे राहत नाहीत. गवत, लहान झुडपे आणि पावसाळी फुले यांचेच राज्य असते. काळवीट, लांडगा, तणमोर, माळढोक ही मंडळी अशाच भूमीची. त्यांना दाट अरण्यात नेऊन सोडले तर ती जगणार नाहीत. युरोपात, विशेषतः इंग्लंड व हॉलंड या देशांत, ‘हीथ’ म्हणून ओळखले जाणारे माळ आहेत. तेथील हवा निराळी, झुडपे निराळी. परंतु एक गोष्ट आपल्या माळासारखीच आहे. ते माळ माणसाच्या आणि जनावराच्या वापराने टिकले. शतकानुशतके मेंढ्या चरत राहिल्या, गावकरी सरपण व माती-गवताची ढेकळे नेत राहिले, म्हणून तेथे भूर्ज आणि पाइन यांची झाडी माजली नाही. वापर थांबला की काही वर्षांतच झुडुपांचे रान होते आणि माळ नाहीसा होतो. इंग्लंडमधील सखल भागांतील हीथपैकी सुमारे ८० टक्के १८०० सालानंतर नाहीसे झाले, असा तेथील अभ्यासकांचा हिशेब आहे. सारांश, माळ ही नुसती सोडून देऊन टिकणारी वस्तू नव्हे. तिची निगा राखावी लागते, आणि त्या निगेला हात लागतात.

आता सुरतेकडे येऊ. सुरतेचे नाव निघाले की आपल्याला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात, जरीचे आणि हिऱ्यांचे बाजार आठवतात. पण या शहराच्या इतिहासात गवताचाही एक कोपरा आहे. १६८९ साली सुरतेस आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंगटन याने आपल्या प्रवासवर्णनात येथील जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. वाणी महाजनांच्या दानधर्मावर चालणारी ही संस्था पाहून त्याला आश्चर्य वाटले. म्हातारी, लंगडी, निरुपयोगी झालेली जनावरे जेथे पोसली जातात अशा पांजरपोळाची कल्पना त्याच्या देशात नव्हती. जनावर पोसावयाचे म्हणजे चारा आला, चारा आला म्हणजे गवताची जमीन आली. गुजरातेत दुष्काळासाठी गवत राखून ठेवण्याची जुनी चाल आहे, आणि १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने चारा संपला की काय होते याचा धडा त्या प्रांताला दिला. म्हणजे गवताचे मोल सुरतेला कोणी शिकवावयास नको होते.

पण १८६४ साली लोहमार्गाने सुरत मुंबईशी जोडली गेली आणि त्या मोलाचे रूप पालटले. मुंबईत घोड्यांच्या पागा होत्या, म्हशींचे तबेले होते. त्यांना रोज गवत हवे होते. लोहमार्गालगतच्या, तापीच्या दक्षिणेकडील तालुक्यांतील गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. जमीनमालकाच्या दृष्टीने याहून सोयीचे पीक दुसरे नव्हते. नांगर नको, बी नको, बैल नको. पावसाने उगवावे, आदिवासी मजुराने कापावे आणि पैसा मालकाच्या पदरात पडावा. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा आला तेव्हा या सोयीत आणखी एका सोयीची भर पडली. जेथे कसणारा कूळच नाही, नुसता दोन महिन्यांचा कापणारा मजूर आहे, तेथे ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व लागू होणार तरी कोणाला? ज्या जमिनीत भात किंवा नागली पिकली असती ती गवताखाली राहिली, आणि तीच जमीन कापणारा धोडिया, कुकणा, वारली वा नायका आपल्या पोरांसाठी धान्य शोधीत राहिला. ‘घासिया’ या शब्दाला जो कडवटपणा आला तो येथून.

बारडोलीचा १९२८ चा लढा सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुरत जिल्ह्यात पंचवीस वर्षांनी झालेला पारडीचा लढा मात्र महाराष्ट्रात फारसा कोणाला माहीत नाही. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली पारडी तालुक्यातील आदिवासी डुमलाव येथील खाजगी घासिया जमिनीत शिरले आणि ती नांगरू लागले. प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनीही या लढ्यात भाग घेतला. याला ‘खेड सत्याग्रह’ म्हणतात. येथे खेड म्हणजे खेडेगाव नव्हे. गुजरातीत खेड म्हणजे नांगरट. सत्याग्रहींनी जमीन फुकट मागितली नव्हती. धान्य पिकवू शकणारी जमीन गवताखाली अडकवून ठेवू नये एवढीच त्यांची मागणी होती. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे स्वतः याच जिल्ह्यातील भदेलीचे. सत्याग्रहींची धरपकड झाली, परंतु लढा संपला नाही. १९६० साली राज्य बदलले, १९६४ साली सुरतेतून वलसाड हा नवा जिल्हा निघून पारडी त्यात गेली, आणि अखेर १९६७ साली, हितेंद्र देसाई मुख्यमंत्री असताना, समझोता होऊन हजारो एकर घासिया जमीन भूमिहीनांना देण्याचे ठरले. चौदा वर्षे एवढा दीर्घकाळ हा लढा शांततेने चालला, हे त्याचे वैशिष्ट्य विसरता येणार नाही.

हा इतिहास मी मुद्दाम विस्ताराने सांगितला. आज कोणी सुरतेच्या परिसरात, किंवा आपल्याकडे कोठेही, ‘गवताळ रान वाचवा’ असे म्हणू लागला तर पारडीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने आधी दिले पाहिजे. गवत कोणासाठी? मुंबईच्या तबेल्यासाठी राखलेले गवत आणि गावच्या गायीसाठी राखलेले गवत ही दिसावयास एकच असली, तरी न्यायाच्या तराजूत ती एक नव्हेत. भुकेल्या माणसाच्या तोंडातला घास काढून माळढोकाला घालावा असे कोणताही धर्म सांगणार नाही. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पारडीतील मालकाला त्या भूमीची पर्वा नव्हती, तिच्या उत्पन्नाची होती. एका बाजूस ती भूमी बाजाराची वस्तू झाली होती, दुसऱ्या बाजूस अन्नाची आशा. माळ म्हणून तिची बाजू मांडणारा त्या सबंध प्रकरणात कोणीच नव्हता.

कायद्यानेही ही बाजू कधी नीट ओळखली नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातील ३७ व्या कलमाने, ज्या जमिनीवर कोणाची मालकी सिद्ध नाही ती सारी सरकारची ठरविली; ३८ व्या कलमाने गावच्या जनावरांच्या फुकट चराईसाठी त्यातली काही जमीन राखून ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे गायरान हा गावाचा वारसा न राहता सरकारने दिलेली सवलत झाली. त्याआधी १८७८ च्या वन कायद्याने पुष्कळ रान राखीव झाले होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने गावची गायराने गिळली अशी तक्रार केली आहे. ज्यांचे हित त्या गवतात होते त्यांचाच हात तेथून काढून घेतला गेला. १९२७ च्या वन कायद्यात २८ वे कलम घालून, सरकारी रान एखाद्या गावाकडे ‘ग्रामवन’ म्हणून सोपविण्याची तरतूद ठेवली गेली खरी. पण ती फारच क्वचित अंमलात आली.

आणखी एक निवाडा येथे सांगण्याजोगा आहे. १९५७ साली राजा बिनयकुमार सहासराय यांच्या आयकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेती कशाला म्हणावे याचा विचार केला. नांगरणे, पेरणे, लावणे ही शेतीची मूळ कामे. खुरपणे, राखणे, जपणे ही पुढची. मूळ कामांच्या जोडीला पुढची कामे आली तर ती शेती. परंतु आपोआप उगवलेले नुसते राखले तर ती शेती नव्हे. आयकरापुरता हा निवाडा योग्यच असेल. पण त्यातून आपल्या कायद्याची एकंदर दृष्टी कळते. कायद्याला मालक दिसतो, कसणारा दिसतो, राखणारा मात्र दिसत नाही. जो पेरीत नाही, विकीत नाही, केवळ जपतो, त्याच्यासाठी कायद्याच्या शब्दकोशात कित्येक वर्षे जागाच नव्हती.

इंग्लंडात हीच अडचण आली तेव्हा त्यांनी काय केले ते पाहणे उपयुक्त ठरेल. लंडनजवळचा विंबल्डनचा माळ हा हीथच. १८६४ साली तेथील जमीनदार अर्ल स्पेन्सर यांनी माळाचा काही भाग विकून उरलेल्यास कुंपण घालण्याची योजना मांडली. लोक चवताळले. पुढच्याच वर्षी सार्वजनिक माळांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली आणि रॉबर्ट हंटर नावाचा एक तरुण सॉलिसिटर तिचा कायदेशीर आधारस्तंभ बनला. १८७१ साली पार्लमेंटने खास कायदा करून विंबल्डनचा माळ विश्वस्तांसारख्या एका मंडळाच्या हाती दिला. याच हंटरने ऑक्टेव्हिया हिल आणि कॅनन रॉन्सले यांच्यासह १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. पण कोर्टात जिंकलेला माळ कोर्टाच्या हुकमाने टिकत नाही, हे त्यांना लवकरच उमगले. मेंढ्या गेल्या, सरपण नेणारे गेले, झुडपे माजू लागली. तेव्हा स्वयंसेवक पुढे आले. १९५९ साली बॉक्स हिल येथील गवताळ डोंगरउतारावर तरुणांच्या एका तुकडीने माजलेली झुडपे तोडण्याचे काम हाती घेतले, आणि तेथून अशा श्रमदानाची एक मोठी परंपरा त्या देशात सुरू झाली. आज तेथील हीथवर सुटीच्या दिवशी कोयते व करवती घेऊन झाडे तोडणारे लोक दिसतात, ते निसर्गाचे वैरी नसून त्याचे सेवक असतात. आपल्याकडे मात्र झाड लावणे एवढीच निसर्गसेवा अशी समजूत रूढ आहे, आणि तेथेच घोटाळा होतो.

मंदिराभोवती ज्यांचे जीवन गुंफले आहे अशा आपणां वाचकांस देवराईची कल्पना नवी नाही. गोव्यात सत्तरीपासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत देवाच्या नावाने राखलेली राने आपण पाहिली आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. देवराईचे सामर्थ्य कशात आहे? तेथे राखणाऱ्याला मालक मिळाला आहे, आणि तो मालक देव आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक खटल्यात देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व असते, तिच्या हितासाठी स्वतंत्रपणे बोलणारा असू शकतो, असे मान्य केले. लोकाचाराने जे शेकडो वर्षे मानले होते त्याला कोर्टाने आपली मोहोर लावली.

मग माळाला अशी राखण का मिळाली नाही? माळावर देव नाहीत असे तर मुळीच नाही. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा हे धनगर-गवळ्यांचे देव माळावरचेच. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आपले आयुष्य या देवांच्या अभ्यासात घातले. मला यातला भेद असा वाटतो. देवराईचा नियम निषेधाचा आहे: पान तोडू नये, काटकी नेऊ नये. वृक्ष न स्पर्शिता वाढतो, म्हणून तेथे निषेध पुरतो. गवताला निषेध मानवत नाही. ते कधीच चरले वा कापले नाही तर जुने गवत वाळून नव्याला दडपते आणि झुडपे शिरतात. अति चरले तर मुळासकट उखडते. गवताला हवी मर्यादा: किती, केव्हा आणि कोणी. पावसाळ्यात देशावरील आपल्या गावी राहणारा आणि दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणात उतरणारा धनगर ही मर्यादा आपल्या फिरतीनेच पाळीत आला. निषेध पाळावयास भीती पुरते. मर्यादा पाळावयास रोजची जाण आणि माणसांचा आपसांतला करार लागतो. म्हणून माळाची राखण अधिक अवघड.

अलीकडचा इतिहास या अवघडपणाची साक्ष देतो. १९८५ साली केंद्र सरकारने पडीक जमिनींच्या विकासासाठी एक मंडळ स्थापिले. हेतू उत्तम होता. पण ज्यांना पडीक म्हटले गेले त्यांत खरे माळही पुष्कळ होते, आणि त्यांवर गिरीपुष्प, सुबाभूळ यांसारखी परकी झाडे लावली गेली. कच्छच्या बन्नीत गुजराती लोक ज्याला ‘गांडो बावळ’ आणि आपण वेडी बाभूळ म्हणतो त्या झाडाने मालधाऱ्यांचे कुरण गिळले. उलट भावनगरजवळ वेळावदर येथे १९७६ साली राष्ट्रीय उद्यान होऊन गवत गवतच राहू दिले गेले, म्हणून आज तेथे काळविटांचे कळप दिसतात. आपल्याकडे सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचा विस्तार सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, शहरेसुद्धा आली. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, पक्ष्याविषयी प्रेमाऐवजी रोष उत्पन्न झाला, आणि २०१२ साली ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०२१ व २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच पक्ष्यासाठी विजेच्या तारांसंबंधी आदेश दिले, ते मुख्यतः राजस्थान आणि गुजरात यांच्यासंबंधी. लोकांना वगळून राखण करू गेले की काय होते हे यावरून दिसून येते. पारडीत भूमीकडे दुर्लक्ष झाले होते. सोलापुरात माणसाकडे झाले.

सुदैवाने कायद्याची दृष्टी आता काहीशी निवळली आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही नवी वर्गवारी आली; खाजगी वा गावच्या जमिनीचे मालक स्वेच्छेने पुढे आले तर त्यांच्या समितीच्या हाती व्यवस्था राहते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा आणि जपण्याचा हक्कच दिला. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले. राखणारा अखेर कायद्याला दिसू लागला आहे. उणीव आहे ती राखावयास येणाऱ्या हातांची.

सुरतेत असे हात अगदीच नाहीत असे नाही. तेथील ‘नेचर क्लब’ ही स्वयंसेवी संस्था १९८४ पासून काम करीत आहे, आणि शहराबाहेरील गवियरच्या तलावाची तिने घेतलेली निगा पुष्कळांनी पाहिली आहे. तलाव आणि माळ एक नव्हेत. परंतु गावाशी बोलणी करून, वर्षानुवर्षे एकाच जागेला चिकटून राहून काम करण्याची जी रीत तेथे दिसते, तीच माळालाही लागू पडते. माळावरच्या सेवकाची कामे साधी असतात: वेडी बाभूळ व घाणेरी मुळासकट काढणे, गवताचे बी पडून गेल्यावरच कापणी करणे, उन्हाळ्यापूर्वी आगीला अटकाव करणारे पट्टे कापून ठेवणे, पक्ष्यांची आणि घरट्यांची नोंद ठेवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुराख्याशी बसून चराईचे वेळापत्रक ठरविणे. यांतले शेवटचे काम टळले तर पहिली चार व्यर्थ जातात.

या मासिकाच्या वाचकांशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. आपल्या कित्येक देवस्थानांकडे इनामाची जमीन आहे, आणि तीत सड्याचा, वरकसाचा, माळाचा भाग बराच असतो. विश्वस्तांच्या सभेत असा तुकडा ‘निरुपयोगी’ म्हणून मांडला जातो. चिरेखाणीला द्यावा, भूखंड पाडावेत, नाहीतर निदान काजू तरी लावावा, अशा सूचना येतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अशी जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही; गोव्यात देवस्थाने १९३३ च्या नियमावलीने बांधलेली आहेत. पण कायद्याची ही बंधने विक्री अडवितात, उपेक्षा अडवीत नाहीत. ज्या देवस्थानाकडे पालखीला खांदा देणारे, समाराधनेला वाढणारे शंभर हात आहेत, त्याला वर्षातून चार दिवस दहा हात आपल्या माळासाठी काढता येऊ नयेत काय? जमीन देवाची, राखण भक्तांची आणि गवत गावच्या जनावरांचे, अशी वाटणी जेथे होईल तेथे पारडीच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल आणि माळही वाचेल.

विश्वस्तांची पुढची सभा भरेल तेव्हा आपल्या देवस्थानाचा सातबारा मागवून घ्यावा. त्यात ‘पोटखराबा’ म्हणून जे आकडे लिहिलेले असतील ती जमीन एकदा पायांखाली घालावी, श्रावणात एकदा आणि माघात एकदा. तेथे काय उगवते, कोण चरते, कोणाला तिची गरज आहे हे विचारावे. मग तिचे काय करावयाचे ते ठरवावे.